'फक्त झाडं मरतात' असं सांगून फवारलेलं औषध

हल्ली पुण्यात चार जणांना विचारलं तर एक जण व्हिएतनामला जाऊन आलेला असतो आणि दुसऱ्याचं दिवाळीचं बुकिंग झालेलं असतं. स्वस्त पडतं, ई-व्हिसा मिळतो, फोटो झकास येतात, दा नांगजवळचा तो दोन भल्यामोठ्या हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल तर कुणा ना कुणाच्या स्टेटसला दर महिन्याला दिसतोच. टूरवाला सगळं सांगतो, जेवणात पनीर मिळेल का इथपासून. एक मात्र सांगत नाही, की ज्या दा नांग विमानतळावर आपण उतरतो त्याच्या आवारातली माती आणि तळ्यातला गाळ २०१२ ते २०१८ या काळात खणून काढावा लागला, बंदिस्त भिंतींच्या आत रचून त्यात हीटरच्या सळया खुपसून तीनशे डिग्रीच्या वर भाजावा लागला, जवळपास ९० हजार घनमीटर. आणि हे कशासाठी, तर साठच्या दशकात, व्हिएतनाम युद्धात, अमेरिकन लष्करानं तिथं साठवलेल्या तणनाशकासाठी. हो, तणनाशक. बॉम्ब नाही, अणुकचरा नाही.

पुढं हो ची मिन्ह सिटीत वॉर म्युझियम बघायला नेतात, तिथं याच तणनाशकाचं, म्हणजे एजंट ऑरेंजचं, दालन असतं, आणि ते बघून आलेली माणसं परत आल्यावर एकच प्रश्न विचारतात की ते नक्की होतं काय, रासायनिक अस्त्र की शेतीचं औषध? उत्तर असं की होतं शेतीचंच औषध, मारलं युद्धात. आणि खरी गंमत (गंमत कसली) इथंच सुरू होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. या सगळ्या प्रकरणात विषाइतकंच काम एका वाक्यानं केलंय, ते म्हणजे 'हे झाडांसाठी आहे, माणसांसाठी नाही'. याच वाक्यावर फवारणीला परवानगी मिळाली, याच वाक्यावर आंतरराष्ट्रीय कायद्यातून वाट काढली गेली, आणि चाळीस वर्षांनी पीडित लोक कोर्टात गेले तेव्हा याच वाक्याच्या जोरावर त्यांची केस उडाली.

आता आधी औषध काय करतं ते बघू, कारण ते कळलं नाही तर बाकी सगळं नुसतं हळहळणं होतं.

आमचे काका नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करतात. मागं एकदा गेलो तेव्हा बांधालगतच्या दोन सऱ्यांमधली झाडं विचित्र दिसत होती. नवीन फुटलेली पानं रुंद व्हायच्या ऐवजी दोरीसारखी अरुंद, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, शेंडा खाली वळलेला, देठ पिळवटलेले. कीड नाही, डाग नाही, झाड हिरवंच, पण आकार बिघडलेला.

म्हटलं, "काका, व्हायरस का?"

"कसला व्हायरस! शेजारच्या उसात टूफोरडी मारलंय गेल्या आठवड्यात, वारा इकडचा होता. अन् तुला सांगू का, दर वेळी शेजाऱ्याचंच असतं असंबी नाही. तणनाशकाचा पंप नुसता पाण्यानं खंगाळला अन् त्यातच टोमॅटोचं औषध भरलं की झाला खेळ. म्हणून तो पंप वेगळाच ठेवायचा."

"मग उसाला काही होत नाही?"

"उसाला काय होतंय, त्याच्यासाठीच तर मारत्यात."

टूफोरडी म्हणजे २,४-डी, एजंट ऑरेंजमधला निम्मा भाग. तर झाडांमध्ये ऑक्सिन नावाचं एक संप्रेरक असतं, शेंडा किती वाढायचा, कुठल्या बाजूला वळायचं, मूळ कुठं फुटायचं हे सगळं त्याच्यावर चालतं. ते लागतं अगदी किंचित, आणि काम झालं की झाड ते मोडून टाकतं किंवा बांधून ठेवतं. २,४-डी हे त्या ऑक्सिनची नक्कल आहे, पण रुंद पानाच्या झाडाला ते लवकर मोडता येत नाही. त्यामुळं वाढीचा हुकूम येतच राहतो, थांबतच नाही, पेशी वेड्यावाकड्या वाढतात, खोड पिळतं, अन्नपाण्याच्या नळ्या दबतात, आणि शेवटी झाड वाढता वाढताच मरतं. गवताच्या जातीची पिकं, म्हणजे ऊस, ज्वारी, मका, गहू, ती हे औषध बऱ्यापैकी पचवतात, त्यांची आतली रचनाही वेगळी असते, म्हणून उसातलं रुंद पानाचं तण मरतं आणि ऊस उभा राहतो. टोमॅटो, द्राक्ष, कापूस मात्र याला भलतेच नाजूक, नुसत्या वाऱ्यावर आलेल्या अंशानं पण कामातून जातात.

हे शोधलं गेलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास, आणि शोध आणि युद्ध यांची सांगड तेव्हाच बसली होती हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. क्रॉस यांनी अमेरिकन लष्कराला सुचवलं की ही संप्रेरकं जास्त मात्रेत मारली तर शत्रूची पिकं मारता येतील. मग कॅम्प डेट्रिक या लष्करी संशोधन केंद्रात हजाराच्या वर रसायनं तपासली गेली, जपानच्या भातशेतीवर मारायचा विचार झाला, पण त्याआधी युद्धच संपलं. आणि मग तेच २,४-डी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या आणि लॉनवाल्यांच्या हातात आलं आणि धो धो खपलं.

याच काळात आर्थर गाल्स्टन नावाचा एक तरुण संशोधक सोयाबीन लवकर फुलोऱ्यावर कसं आणता येईल यावर पीएचडी करत होता. त्याच्या लक्षात आलं की त्यानं वापरलेलं रसायन थोडं दिलं तर फुलं येतात आणि जास्त दिलं तर पानंच गळून पडतात. त्याचं रसायन एजंट ऑरेंजमध्ये नव्हतं, पण त्या वाटेवरची ती एक पायरी होती आणि लष्करी संशोधकांनी तिचा उपयोग करून घेतला. पुढं येलमध्ये प्राध्यापक झालेला हाच माणूस फवारणीविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी एक झाला, स्वतः व्हिएतनामला जाऊन आला, आणि १९७० मध्ये अख्खा निसर्ग मारण्यालाही वंशसंहारासारखाच गुन्हा माना अशी मागणी त्यानं केली. हे मला या सगळ्या गोष्टीतलं फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण प्रयोगशाळेत काय करतोय ते पुढं कुठं जाईल याचा विचार करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

युद्धात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरायचा मान मात्र ब्रिटिशांचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मलायात कम्युनिस्ट बंडखोर रस्त्याकडेच्या झाडीतून दबा धरून हल्ले करायचे, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजू तणनाशकानं साफ केल्या गेल्या, आणि जंगलात बंडखोरांनी केलेल्या छोट्या छोट्या शेतांवर सुद्धा औषध मारलं. प्रमाण फार नव्हतं. पण पायंडा पडला. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यापुढं व्हिएतनाममध्ये फवारायचा प्रस्ताव आला तेव्हा परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी त्यांना हेच लिहून दिलं, की यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाही, आणि मलायात ब्रिटिशांनी केलेलंच आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडींनी होकार दिला. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह जिएम यांना तर ते हवंच होतं.

जानेवारी १९६२ ला काम सुरू झालं, नाव ऑपरेशन रँच हँड, आणि ते चाललं जानेवारी १९७१ पर्यंत. सी-१२३ नावाची मालवाहू विमानं घेतली, पोटात हजार गॅलनची टाकी बसवली, म्हणजे जवळपास ३,८०० लिटर, आणि पंखांखाली नोझल. पहाटे निघायचं, कारण तेव्हा वारा पडलेला असतो, थेंब खाली बसतात (आपल्याकडे पण फवारणी सकाळीच करतात, कारण तेच). फक्त दीडशे फुटांवरून, तीन-चार विमानं शेजारी शेजारी. टाकी चारेक मिनिटांत रिकामी, आणि एका विमानामागं ८० मीटर रुंद आणि १५-१६ किलोमीटर लांब पट्टा. शिवाजीनगरहून जुन्या हायवेनं निगडीपर्यंत जा, साधारण तेवढं अंतर, चार मिनिटांत. त्या पट्ट्यातली पानं एक-दोन महिन्यांत खाली. खारफुटीचं तर एकाच फवारणीत संपायचं.

अमेरिकेत वणवे रोखा म्हणून एका अस्वलाचं पोस्टर फार प्रसिद्ध होतं, या वैमानिकांनी त्याचं विडंबन करून आपल्या अड्ड्यावर लावलं होतं, त्यात वणव्याच्या जागी जंगलच रोखायची गोष्ट होती. असो. सैनिकांचा विनोद असाच असतो.

नावाचं म्हणाल तर रसायनाचा रंग नारिंगी नव्हता. २०८ लिटरच्या ड्रमवर ओळखीसाठी रंगाचा पट्टा मारायचे, त्यावरून ऑरेंज, व्हाइट, ब्लू, पर्पल, पिंक, ग्रीन अशी नावं पडली. ऑरेंज म्हणजे निम्मं २,४-डी आणि निम्मं २,४,५-टी, हे दुसरं लाकडी झाडाझुडपांवर जास्त चालतं. व्हाइटमध्ये २,४-डी बरोबर पिक्लोरॅम, जे जमिनीत बराच काळ टिकतं. आणि ब्लू. ब्लूचं जरा नीट ऐका. भात हे गवताच्या जातीचं पीक, त्याला ऑरेंज तितकं लागत नाही, म्हणून भातासाठी वेगळं औषध ठेवलं होतं, कॅकोडिलिक ॲसिड, ज्यात आर्सेनिक असतं, आणि जे पिकातलं पाणी ओढून त्याला वाळवून टाकतं. म्हणजे जंगल साफ केलं की शत्रू दिसतो, आपले सैनिक वाचतात, हे एक कारण झालं, ते निदान समजू शकतो. पण उभा भात मारायला खास वेगळं रसायन विमानात भरलं जातं तेव्हा 'फक्त झाडांवर' म्हणायला कुठं जागा उरते? एकूण फवारणीतली साधारण दहा टक्के पिकांवर होती. बंडखोरांचं अन्न तोडायचं असा हेतू सांगितला जायचा. पण जंगलात लपलेला बंदूकवाला गावातून धान्य उचलून नेतोच, उपाशी मरतो तो गावातला. हे मी म्हणत नाहीये, १९६७ मध्ये रँड या अमेरिकन संस्थेच्याच अभ्यासांत हे आलं होतं, की याचा फटका साध्या शेतकऱ्यांना जास्त बसतोय आणि लोक उलट आपल्यावर चिडतायत. तरी फवारणी चालूच राहिली.

एकूण किती? सात कोटी लिटरच्या वर, त्यात साठ टक्क्यांच्या आसपास ऑरेंज. दक्षिण व्हिएतनामचा साधारण दहावा भाग, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून जास्त क्षेत्र, आणि त्यातल्या बऱ्याच भागावर एकाहून जास्त वेळा. खारफुटीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला. डोंगराळ भागात मोठी झाडं मेल्यावर तिथं उंच खरखरीत गवत माजलं, दर उन्हाळ्यात ते पेटायचं, त्यामुळं नवीन रोपं वर यायचीच नाहीत, आणि तिथले लोक त्याला 'अमेरिकन गवत' म्हणायला लागले.

आता मात्रेचं. आपल्याकडे उसात २,४-डी ची पावडर एकरी साधारण किलोभर, तीही दोनशे लिटर पाण्यात मिसळून. तिकडे ऑरेंज एकरी ११ लिटरच्या आसपास, न मिसळता, जसंच्या तसं. म्हणजे झाडावर पडणारं मूळ औषधच दहापटीच्या वर. 'अहो हे तर आमच्याकडचे शेतकरी रोज वापरतात' असं अमेरिकन अधिकारी तेव्हा सांगायचे, गावांवर तशी पत्रकंही टाकली जायची, आणि हे सांगताना मात्रेचा विषय सोयीस्करपणे गाळलेला असायचा. लोकांनी पण विश्वास ठेवला, रिकामे ड्रम उचलून नेले आणि पाणी भरायला वापरले. आपण तरी वेगळं काय केलं असतं, चांगला पत्र्याचा ड्रम फुकट कोण सोडतो.

पण मात्रा ही अर्धी गोष्ट झाली. खरा घोळ २,४,५-टी बनवण्यात होता.

ते बनवायला आधी ट्रायक्लोरोफिनॉल नावाचा कच्चा माल करावा लागतो, आणि तो कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून करतात. तापमान हातात ठेवलं तर ठीक, पण घाई केली आणि ते वर गेलं की त्याचेच दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि टीसीडीडी तयार होतं. यालाच डायॉक्सिन म्हणतात. ते कुणाला नको होतं, त्याचा झाडं मारायला काही उपयोग नव्हता, तो निव्वळ भेसळीसारखा आलेला कचरा होता. लष्कराची मागणी एवढी होती की कारखाने धडाधड माल काढत होते, आणि कुठल्या कारखान्याचा कुठला लॉट यावर डायॉक्सिनचं प्रमाण कुठल्या कुठं बदलायचं. सरासरी दहा लाख भागांत दोन-तीन भाग, काही लॉटमध्ये त्याच्या कित्येक पट. सात कोटी लिटरमध्ये डायॉक्सिन जेमतेम काही शे किलो. पण ते किती विषारी असावं, तर गिनी पिगला त्याच्या वजनाच्या किलोमागं एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आणि कंपन्यांना माहीत नव्हतं असं नाही. १९५७ मध्येच जर्मनीत एका कारखान्यातल्या कामगारांच्या चेहऱ्यावर आलेल्या भयंकर पुटकुळ्यांचं कारण डायॉक्सिन आहे हे सापडलं होतं. (या आजाराला क्लोरॅक्ने म्हणतात. २००४ मध्ये युक्रेनचे नेते युश्चेन्को यांचा चेहरा विषबाधेनंतर कसा झाला होता ते आठवत असेल, तेच हे, तेच टीसीडीडी.) १९६५ मध्ये डाऊ कंपनीनं बाकीच्या उत्पादकांना बोलावून याच विषयावर बैठक पण घेतली होती. माल थांबला नाही.

१९६९ मध्ये बायोनेटिक्स या प्रयोगशाळेचा अभ्यास बाहेर आला, २,४,५-टी दिलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये जन्मजात व्यंगं दिसली, आणि मग मात्र दबाव वाढला. एप्रिल १९७० मध्ये ऑरेंजचा वापर थांबवला. उरलेले ड्रम १९७७ मध्ये पॅसिफिकमध्ये जॉन्स्टन बेटाजवळ व्हल्केनस नावाच्या जहाजावर जाळून टाकले, तब्बल सात वर्षं ते ठेवायचे कुठं हाच प्रश्न होता.

माणसांचं काय झालं, इथं जरा सांभाळून बोलायला पाहिजे कारण याच जागी दोन्ही बाजूंनी वाट्टेल ते लिहिलं जातं. डायॉक्सिन चरबीत विरघळतं, पाण्यात नाही. शरीरात गेलं की निम्मं बाहेर पडायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. पेशीत शिरून ते एका रिसेप्टरला (संदेश झेलणाऱ्या रेणूला) चिकटतं आणि जीन्सचं चालू-बंद व्हायचं वेळापत्रकच बिघडवतं, म्हणून त्याचा परिणाम एकाच अवयवावर होत नाही. १९९७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं टीसीडीडीला माणसात कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटात टाकलंय. त्यात कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते एकेका माणसाच्या बाबतीत, की हे व्यंग, हा कॅन्सर त्या फवारणीमुळंच झाला का. त्यातून प्राण्याप्राण्यात इतका फरक, की गिनी पिगला मारणाऱ्या मात्रेच्या हजारो पट दिलं तरी हॅमस्टर जगतो. माणूस यांच्यात नक्की कुठं बसतो यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि ज्यांना पैसे द्यायचे नव्हते त्यांना ती भांडणं चांगलीच उपयोगी पडली.

किती लोकांवर पडलं याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी आहे, आणि तो कसा मिळाला तर अमेरिकन हवाई दलानं प्रत्येक फेरीची नोंद ठेवली होती, कुठून कुठपर्यंत, किती गॅलन. कोलंबिया विद्यापीठाच्या जीन स्टेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी गावांच्या नकाशाशी जुळवल्या आणि २००३ मध्ये मांडलं की फवारणी झालेल्या गावांमध्ये त्या वेळी २१ लाख ते ४८ लाख लोक राहत होते. झाडांवर मारलेलं औषध म्हणे. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथं तर सुकं कुठलं आणि ओलं कुठलं हे कुणी बघितलंच नाही.

ॲडमिरल झुमवॉल्ट यांची गोष्ट या विषयावर कुणीही लिहिलं तरी येतेच, आणि यायलाच पाहिजे. व्हिएतनाममधल्या अमेरिकन नौदलाचे ते प्रमुख. नदीकाठच्या झाडीतून बोटींवर गोळीबार व्हायचा, सैनिक फार मरत होते, म्हणून त्यांनी काठावर फवारणी करायला लावली आणि मृत्यू खरोखर कमी झाले. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच नद्यांवर एका बोटीचा अधिकारी होता. त्याला पुढं लिम्फोमा झाला, १९८८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. बापलेक दोघांनाही वाटायचं की कारण ऑरेंजच. झुमवॉल्ट नंतर माजी सैनिकांच्या भरपाईसाठी झटले, पण 'तो हुकूम दिला नसता तर अजून कितीतरी पोरं मेली असती, मी पुन्हा तेच करीन' हेही ते म्हणत राहिले. मला यात त्यांचा ढोंगीपणा दिसत नाही. त्यांना फवारणीचा फायदा मोजता येत होता कारण तो महिन्याभरात दिसत होता, किंमत दिसायला वीस वर्षं लागली.

अमेरिकन माजी सैनिकांना शेवटी बऱ्यापैकी न्याय मिळाला म्हणायचं. १९८४ मध्ये औषध बनवणाऱ्या कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला, मग १९९१ मध्ये कायदा झाला, आणि आता ठराविक काळात व्हिएतनाममध्ये ज्यानं नोकरी केली त्याचा संपर्क आला होता असं धरूनच चालतात, त्याला वेगळं सिद्ध करावं लागत नाही. भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत काही कॅन्सर, पार्किन्सन्स, टाइप टू डायबेटिस आहेत, २०२२ मध्ये ब्लड प्रेशर पण आलं. व्हिएतनामी लोकांनी २००४ मध्ये त्याच अमेरिकेत कंपन्यांवर केस केली. २००५ मध्ये न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी ती फेटाळली, वरच्या कोर्टातही टिकली नाही. मुख्य कारण काय, तर त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात तणनाशक म्हणजे माणसांवर वापरलेलं विष असं धरता येत नाही. आलं ना परत तेच वाक्य.

आता कायद्याचा हा भाग कंटाळवाणा आहे पण पाचच मिनिटं द्या. १९२५ चा जिनिव्हा करार विषारी वायू वगैरेंवर बंदी घालतो. अमेरिकेनं तो १९७५ पर्यंत मंजूरच केला नव्हता. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला की या बंदीत झाडांना मारणारी रसायनं पण येतात. ८० मतं बाजूनं, ३६ तटस्थ, विरोधात फक्त तीन: अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल. ठरावानं कुणी बांधलं जात नाही, पण निदान जगाचं मत कळलं. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी युद्धात तणनाशक आपण आधी वापरणार नाही असा हुकूम काढला, अपवाद म्हणजे अमेरिकेतला वापर आणि आपल्या तळाभोवतालची झाडी. मग निसर्गात लष्करी हेतूनं ढवळाढवळ करण्यावर करार झाला, १९७७ मध्ये १९४९ च्या जिनिव्हा करारांना (हे वरच्या १९२५ च्या करारापेक्षा वेगळे) पुरवणी जोडली गेली ज्यात निसर्गाला व्यापक, दीर्घकाळ टिकणारी आणि गंभीर हानी करू नका असं आलं. या तीन अटी एकदम सिद्ध करायच्या म्हणजे वकिलांची चंगळच.

आणि ज्यावर सगळ्यांची भिस्त असते तो १९९३ चा रासायनिक अस्त्र करार, भारतानंही मंजूर केलेला, आपले साठे आपण २००९ पर्यंत नष्ट पण केले. त्याच्या प्रस्तावनेत युद्धात तणनाशक वापरण्यावर बंदी असल्याचा उल्लेख आहे. पण आत विषारी रसायनाची व्याख्या बघायला गेलं तर माणसांना किंवा प्राण्यांना इजा करणारं रसायन एवढंच. झाडं नाहीत. म्हणजे दारावर पाटी आहे, आत कुलूप नाही.

बरं, टीपॉयवरच्या गप्पांत एक गोष्ट हमखास येते, फॉरवर्ड पण फिरतो, की आपल्या दुकानातलं टूफोरडी म्हणजेच एजंट ऑरेंज. असं नाही. तो त्यातला निम्मा घटक आहे, आणि ते बनवताना टीसीडीडी तयार होत नाही, तो घोळ दुसऱ्या निम्म्याचा, म्हणजे २,४,५-टी चा, ज्याला भारतात नोंदणीच नाकारलेली आहे. २,४-डी निरुपद्रवी आहे असंही मी म्हणत नाहीये, त्याच कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'शक्यता आहे' अशा गटात टाकलंय, आणि हातमोजे-मास्क न घालता उघड्या अंगानं पंप मारणारी माणसं आपल्याकडे रोज दिसतात. पण भीती घालायची असेल तर बरोबर गोष्टीची घालावी.

तिकडे व्हिएतनाममध्ये आज सगळीकडे विष पसरलंय असंही नाही. पानावर पडलेलं डायॉक्सिन उन्हात बऱ्यापैकी मोडतं. ते टिकलं कुठं, तर जिथं ड्रम सांडले, विमानं भरली आणि धुतली, त्या विमानतळांच्या मातीत आणि शेजारच्या तळ्यांच्या गाळात, जिथं ऊन पोचत नाही. गाळातून माशात आणि बदकात, तिथून माणसाच्या चरबीत, आणि आईच्या दुधातून बाळात. हो ची मिन्ह सिटीजवळच्या कान ज्योची खारफुटी लोकांनी १९७८ पासून हातानं पुन्हा लावली, इतकी चांगली की २००० मध्ये युनेस्कोनं तिला जैवक्षेत्राचा दर्जा दिला. विमानतळांचं तसं नाही. दा नांगचं काम झालं, दहा कोटी डॉलरच्या वर खर्च आला, बहुतेक अमेरिकेनं दिला. बिएन होआच्या हवाई तळावर त्याच्या पाचेक पट माती आहे, तिथं २०१९ ला सुरुवात झाली, आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली तेव्हा खणलेली माती तशीच ठेवून काही आठवडे काम बंद पडलं होतं.

आणि हे जुनं प्रकरण आहे असं वाटत असेल तर कोलंबिया बघा. ज्यापासून कोकेन बनतं त्या कोकाची शेती मारायला तिथं अमेरिकेच्या पैशानं विमानातून ग्लायफोसेट मारत होते, थेट २०१५ पर्यंत. युद्ध नाही म्हणे, पण त्या शेतीवर बंडखोर पैसा कमवत होते आणि फवारणीच्या विमानांना हत्यारबंद हेलिकॉप्टरचं संरक्षण लागायचं, आता याला काय म्हणायचं ते म्हणा. औषध वाऱ्यानं सीमेपलीकडे इक्वाडोरमध्ये जायचं, तिथल्या शेतकऱ्यांनी पिकं गेल्याच्या आणि आजारपणाच्या तक्रारी केल्या, आणि २००८ मध्ये इक्वाडोर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. म्हटलं आता तरी कुणीतरी नीट निकाल देईल. २०१३ मध्ये दोघांनी बाहेरच मिटवलं, कोलंबियानं दीड कोटी डॉलर दिले, सीमेलगतच्या पट्ट्यात विमानातून फवारणार नाही असं कबूल केलं, आणि केस मागं घेतली गेली. झाडांवर मारलेलं औषध पलीकडच्या माणसांवर पडलं तर जबाबदार कोण, यावरचा निकाल राहिला तो राहिलाच.